अर्बा मिंचची तयारी: एका केळीतज्ज्ञाच्या पहिल्या इथिओपिया प्रवासाचे प्रकरण

२०२५च्या जानेवारीच्या शेवटी जळगाव जिल्ह्यातील एका निवृत्त कृषी प्राध्यापकांना इथिओपियातून एक पत्र आले. वय ६२, केळीवर तीस वर्षे काम, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांनी आटोक्यात, आणि परदेश म्हणाल तर एकदा काठमांडू. पत्र दक्षिण इथिओपियातील अर्बा मिंच या गावच्या एका संस्थेचे होते. तेथील केळी उत्पादकांना ठिबक, खते आणि खोडवा व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्यासाठी अडीच आठवड्यांकरिता यावे, असे आमंत्रण त्यात होते. मी त्या देशात दोन वर्षे शिकवण्याचे काम केलेले असल्यामुळे ओळखीतून हे प्रकरण माझ्याकडे आले आणि पुढचे सहा आठवडे तयारीचा बराचसा भाग माझ्या डोळ्यांसमोर झाला. त्यांना येथे 'सर' एवढेच म्हणतो.

सरांच्या घरात भीती भरपूर होती आणि तिच्या प्रमाणात तयारीही जोरात सुरू झाली होती. अडचण अशी होती, की भीती एका देशाची आणि प्रवास दुसऱ्याच देशाचा, असा प्रकार होता. घरच्यांच्या डोळ्यांपुढे रणरणते ऊन, वन्य प्राणी आणि खायला काही न मिळणारा मुलूख होता. प्रत्यक्षात ज्या गोष्टी अडणार होत्या, त्या तारीख, घड्याळ, उंची आणि बुटांना लागलेली माती इतक्या साध्या होत्या.

पत्रावरची तारीख

पहिली अडचण पत्राच्या उजव्या कोपऱ्यातच होती. तेथे तारीख लिहिली होती १२/०५/२०१७, आणि मजकुरात प्रशिक्षणाचा कालावधी ०१/०७/२०१७ ते १८/०७/२०१७ असा दिला होता. सरांच्या मुलाने ते पत्र वाचून शांतपणे सांगितले, की हे आठ वर्षांपूर्वीचे पत्र कोणीतरी पुन्हा पाठवले आहे आणि हा फसवणुकीचा प्रकार असावा. डॉलर घेण्यासाठी ते ज्या परकीय चलन विक्रेत्याकडे गेले, तेथील कारकुनानेही हेच बोट ठेवून कागद परत केला.

पत्र खरे होते आणि तारीखही खरी होती. इथिओपियाची स्वतःची कालगणना आहे. तिचे वर्ष आपल्या वापरातील इसवी सनापेक्षा सात ते आठ वर्षांनी मागे असते आणि नवे वर्ष साधारण ११ सप्टेंबरला सुरू होते. बारा महिने नेमके तीस-तीस दिवसांचे आणि उरलेल्या पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना, अशी ती रचना आहे. अधिक मासाची सवय असलेल्या मराठी माणसाला तेराव्या महिन्याचे आश्चर्य वाटू नये, पण हा महिना दरवर्षी येतो आणि आठवडाही धड भरू देत नाही. या हिशेबाने १२/०५/२०१७ म्हणजे तीर महिन्याची १२ तारीख, आपली २० जानेवारी २०२५. आणि १/७ ते १८/७ हा काळ म्हणजे मेगाबित महिना, आपला १० ते २७ मार्च. जुलै नव्हेच. सरांनी तोवर जून-जुलैच्या पावसाचा विचार करून एक रेनकोट घेऊन ठेवला होता.

मी त्यांना यजमान संस्थेकडे दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिलेले नवे पत्र मागायला सांगितले, आणि ते चार दिवसांत आले. त्याच पत्रव्यवहारात व्हिसाच्या कोणत्या वर्गात अर्ज करायचा तेही विचारून घेतले. सर ऑनलाइन पर्यटक व्हिसाचा अर्ज अर्धा भरून बसले होते. प्रशिक्षण देण्यासाठी जाणाऱ्याने पर्यटक म्हणून जाऊ नये, हे त्यांना पटायला वेळ लागला. "पैसे तर घेत नाही मी, मग काम कसले?" असे ते म्हणाले. आपल्याकडच्या साध्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तो विचारण्यात अर्थ नसतो.

लस: मागणारा देश कोणता?

पीतज्वराच्या लशीबाबत आपल्याकडे सर्रास होणारा गैरसमज येथेही होता. सरांनी इथिओपियाचे प्रवेशाचे नियम वाचले होते. ज्या देशांत पीतज्वराचा धोका आहे तेथून येणाऱ्यांकडे लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते, असे त्यांत होते आणि भारत तशा देशांत येत नाही. त्यामुळे लस लागत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तर्क बरोबर होता, पण तो जाण्यापुरता. ते प्रमाणपत्र परत येताना आपलाच देश मागतो. इथिओपियासारख्या पीतज्वराच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे ते नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. भारताच्या या कडकपणाला कारण आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघर आहे, डेंग्यू त्याच डासाचा, पण पीतज्वराचा विषाणू मात्र अजून येथे आलेला नाही. एका रुग्णानेही तो आला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

दुसरा मुद्दा वयाचा होता. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता, कमी असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. त्यामुळे 'लस म्हणजे लस' असे म्हणून मोकळे होता येत नव्हते. सरांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवली, अंड्याची ॲलर्जी नसल्याची खात्री करून घेतली आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच पुण्याच्या सरकारी केंद्रात वेळ घेतली. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती केवळ मान्यताप्राप्त केंद्रांत आणि ठरावीक दिवशीच मिळते. त्यासाठी घरापासून चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागला. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते, म्हणून १७ फेब्रुवारीला टोचून घेतल्यावर ते २७ला लागू झाले. निघायचे होते ८ मार्चला. २०१६पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे तो एक व्याप कायमचा संपला.

हिवतापाचा विचार वेगळा करावा लागला. राजधानी अदिस अबाबा उंचावर असल्यामुळे तेथे हिवताप नाही. अर्बा मिंच मात्र अबाया आणि चामो या दोन सरोवरांजवळ, बरेच खाली आहे आणि तेथे तो आहे. तेथील हिवतापावर क्लोरोक्विन या औषधाचा भरवसा धरता येत नाही. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिले. ते जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे रोज घ्यायचे असते आणि त्याने उन्हात कातडी लवकर भाजते. केळीच्या बागांत फिरणाऱ्यासाठी ही बारीक सूचना मोठी होती, म्हणून अर्ध्या बाह्यांचे शर्ट बाजूला ठेवून पूर्ण बाह्यांचे घेतले, आणि डासांसाठीही तेच बरे होते. जाता जाता एक गोष्ट: आपल्या शहरांत टाक्यांमध्ये वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास २०१६मध्ये इथिओपियात प्रथम आढळला आणि आता तेथील शहरांतही हिवताप पसरवू लागला आहे. म्हणजे आपणही तिकडे काही पाठवलेच आहे.

कळसूबाईच्या वर सातशे मीटर

आफ्रिका म्हणजे उकाडा, हे समीकरण इतके पक्के बसलेले असते, की सामानाच्या यादीत स्वेटर नव्हताच. अदिस अबाबाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २३५० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे शिखरावर उभे राहून आणखी सातशे मीटर वर चढावे, तेथे ही राजधानी वसलेली आहे. मार्चमध्येही पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि जळगावच्या माणसाला ती चक्क थंडी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या दोन दिवसांत दोन जिने चढले तरी धाप लागते. रक्तदाबाच्या रुग्णाने हे आधी माहीत करून घेतले नाही, तर तो घाबरतो आणि घाबरल्याने रक्तदाब आणखी वाढतो. म्हणून वेळापत्रकात बदल केला. ८ मार्चला पोहोचल्यावर लगेच पुढे न जाता एक दिवस राजधानीत काहीही न करता काढायचा, सामान स्वतः उचलायचे नाही, पाणी भरपूर प्यायचे, आणि नंतर विमानाने खाली उतरायचे.

विमानाने जाण्याचे दुसरे कारण सुरक्षेचे होते. घरच्यांनी बातम्यांत युद्ध ऐकले होते आणि ते खरे होते. उत्तरेत टिग्रेमधील युद्ध २०२२च्या नोव्हेंबरमध्ये करार होऊन थांबले, पण ऑगस्ट २०२३पासून अम्हारा प्रांतात नव्याने लढाई पेटली. अर्बा मिंच मात्र दक्षिणेला आहे आणि त्या लढाईपासून फार दूर आहे. काळजी गावाची नव्हतीच, वाटेची होती. राजधानीहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता ओरोमिया प्रांतातून जातो आणि त्या प्रांताच्या काही भागांतही अशांतता आहे. यजमानांनी गाडी पाठवण्याची तयारी दाखवली होती. साडेचारशे-पाचशे किलोमीटरचा तो प्रवास वाचवून सुमारे तासाभराचे देशांतर्गत विमान घ्यावे, असे ठरले. अदिस अबाबातील भारतीय दूतावासाचे क्रमांक कागदावर लिहून घेतले, कारण तेथे इंटरनेट अधूनमधून बंद होते आणि तेव्हा मोबाइलमधला पत्ता उपयोगी पडत नाही. प्रशिक्षणाच्या चित्रफिती आणि नकाशेही त्याच कारणाने आधीच उतरवून घेतले.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. तेथे युपीआय चालत नाही, मोठी हॉटेले सोडली तर कार्डाचा भरवसा नाही, आणि स्थानिक लोक मोबाइलवरच्या ज्या सेवेने पैसे देतात तिच्यासाठी स्थानिक सिमकार्ड लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येते, सरांनी नऊशे नेले आणि त्यातलेही परत आणले. आपल्या डेबिट कार्डाचा परदेशी वापर बँकेकडून मुळात बंद असू शकतो आणि तो निघण्यापूर्वी चालू करावा लागतो, हे पुष्कळांना तेथे जाऊन कळते. एका गोष्टीत मात्र जुन्या माहितीने फसवले असते. २९ जुलै २०२४ रोजी तेथील सरकारने बिर्र हे चलन बाजारभावावर सोडले. त्याआधी डॉलरला सुमारे ५७ बिर्र मिळत, तर सर गेले तेव्हा भाव सव्वाशेच्या आसपास होता. मी माझ्या काळातले दर सांगून खर्चाचा अंदाज दिला होता आणि तो सगळा खोडावा लागला. तेथे राहून आलेल्या माणसाचा सल्लाही शिळा होतो.

नऊ किलो खाऊ

सरांच्या पत्नीने नऊ किलो खाद्यपदार्थ बांधले होते: शेव, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, दशम्या, शिवाय दादर ज्वारीचे पीठ. "तिकडे काय खातील हे?" या प्रश्नाला माझ्याकडे बरे उत्तर होते. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस उपवास करतो. बुधवार-शुक्रवार तर असतातच, शिवाय ईस्टरपूर्वीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास असतो. तो २०२५मध्ये २४ फेब्रुवारीला सुरू झाला, म्हणजे सरांचा संपूर्ण मुक्काम त्यातच येत होता. या उपवासाला 'त्सोम' म्हणतात आणि त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. हॉटेलात 'येत्सोम बेयाइनेतू' एवढे दोन शब्द उच्चारले, की मोठ्या इंजेरावर डाळी, भाज्या आणि चटकदार उसळींचे ढीग वाढून येतात. इंजेरा म्हणजे टेफ या बारीक धान्याचे आंबवलेले जाळीदार घावन. त्यासोबत 'शिरो' येतो आणि त्याच्या नावावर जाऊ नये, कारण तो डाळीच्या पिठाचा मसालेदार पदार्थ आहे, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. खानदेशी जिभेला तेथील बेरबेरे मसाल्याचा तिखटपणा घरचाच वाटतो.

दोन सावधगिऱ्या मात्र सांगाव्या लागल्या. उपवासाला मासा चालतो असे मानणारे तेथे बरेच आहेत आणि अर्बा मिंच सरोवरातल्या माशांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून 'त्सोम' म्हटल्यावरही 'मासा नको' हे वेगळे सांगायचे. आणि कडक उपवास पाळणारे यजमान दुपारपर्यंत काही खात नाहीत. मधुमेहाची गोळी सकाळी घेणाऱ्या पाहुण्याने त्यांच्यासोबत थांबून राहणे धोक्याचे होते. म्हणून शेंगदाणे, खाकरे आणि थोडी चटणी असा दोन किलोचा शिधा ठेवला, बाकीचे परत डब्यात गेले. पीठ नेऊन हॉटेलच्या खोलीत भाकरी कोण थापणार होते, हे कोणी विचारलेच नव्हते. ताक मिळणार नाही हे ऐकून मात्र सर खरेच हळहळले.

बूट आणि विळा

ही गोष्ट सरांनी स्वतःच काढली आणि माझ्या यादीत ती नव्हती. केळीचा 'पनामा मर' रोग ज्या बुरशीने होतो, तिचा टीआर४ हा प्रकार बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागात आधीच आढळलेला आहे. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही दूर जाऊ शकते. सर नोकरीत असताना तिकडच्या बागा पाहून आले होते आणि बूट तेच होते. एका संध्याकाळी अंगणात पत्र्याच्या घमेल्यात पाणी घेऊन ते बसले आणि जुन्या दातांच्या ब्रशने तळव्याच्या एकेका खाचेतली माती काढू लागले. घमेल्यातले पाणी गढूळ झाले. मग त्यांनी बूट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "हे न्यायचेच नाहीत." दुसऱ्या दिवशी नवे बूट आले. खिशातला विळाही त्यांनी घरी ठेवला.

उलट बाजूचा धोकाही तितकाच होता. इथिओपियात केळीची बहीण म्हणावी अशी एन्सेट नावाची वनस्पती आहे. लोक तिला 'खोटी केळ' म्हणतात, कारण तिची फळे खात नाहीत. तिचे खोड आणि कंद खरवडून, खड्ड्यात पानांखाली पुरून, महिनोन्‌महिने आंबवून त्याची 'कोचो' नावाची भाकर करतात आणि दक्षिणेतल्या लक्षावधी घरांचे ते मुख्य अन्न आहे. याच एन्सेटवर तेथे झँथोमोनास मर हा जिवाणूजन्य रोग प्रथम नोंदला गेला आणि पुढे तो पूर्व आफ्रिकेतील केळीवर गेला. तो मुख्यतः कापणीच्या हत्यारांतून आणि लागवडीच्या कंदांतून पसरतो. भारतात तो नाही. आपल्याकडे घड उतरवल्यावर खोड कापून टाकतात आणि तिकडे खोडच खातात, हे पाहण्याची सरांना मोठी उत्सुकता होती. पण तेथून कंद, पान, माती, एखादे हत्यार, काहीही आणायचे नाही, हे त्यांनी स्वतःच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले.

काय चुकले

इतके करूनही एक चूक झालीच आणि ती माझ्या सांगण्यातली होती. इथिओपियात दिवसाचे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळी सहाला तेथे बारा वाजतात, सातला एक. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पंचांगाच्या जवळची ही रीत आहे. मी सरांना बजावले होते, की वेळ ठरवताना 'हबेशा की फेरेंज', म्हणजे आमची वेळ की परदेशी वेळ, हे विचारायचे. 'फेरेंज' हा शब्द त्यांना लगेच आवडला, कारण तो आपल्या 'फिरंगी'चाच भाऊबंद आहे आणि आता तो त्यांनाच लागू होणार होता. विमान कंपन्या परदेशी वेळ वापरतात, संस्थेतले लोकही पाहुण्याशी तीच बोलतात, हेही मी सांगितले. शेतकरी कोणती वापरतात हे सांगायचे राहून गेले.

पहिल्या शिवारफेरीच्या आदल्या रात्री दुभाष्याचा निरोप आला: उद्या दोन वाजता. तेथील गामो भाषेतून त्याने केलेले इंग्रजी भाषांतर बरोबर होते, वेळ मात्र त्याने शेतकऱ्यांची तशीच उचलली होती. सरांनी दुपारचे दोन धरले आणि सकाळी निवांत नाश्ता करत बसले. तिकडे चाळीस शेतकरी आठ वाजल्यापासून बागेत उभे होते. साडेनऊला धावत गाडी आली. पोहोचल्यावर सरांना कोणी रागावले नाही. एका वयस्क बाईंनी त्यांना कॉफीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत उठू दिले नाही आणि मग इंजेराचा घास करून थेट तोंडात भरवला. याला 'गुर्शा' म्हणतात, आणि तो नाकारणे म्हणजे अपमान. त्या प्रसंगासाठी मी त्यांना तयार केले नव्हते, पण लग्नात घास भरवण्याची रीत माहीत असलेल्या माणसाला तयारीची गरज पडली नाही. नंतरच्या प्रत्येक निरोपात सरांनी दोन्ही वेळा लिहून मागितल्या.

बाकी अडीच आठवडे ठीक गेले. हिवताप झाला नाही. चामो सरोवरात पोहायचा मोह त्यांना झाला नाही. मगरी दिसतात म्हणून सगळेच दूर राहतात, पण गोगलगायींतून पसरणारा सूक्ष्म कृमींचा रोग त्या पाण्यात असू शकतो आणि तो दिसत नाही, हे त्यांनी तिकडच्या विद्यार्थ्यांनाही समजावले म्हणे. केळीला अम्हारिकमध्ये 'मूझ' म्हणतात, हा शब्द त्यांना एकदाच ऐकून पाठ झाला, कारण केळीचे शास्त्रीय नावही म्यूसाच.

२९ मार्चला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, सर मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्या पायांत चपला होत्या. नवे बूट ते अर्बा मिंचला दुभाष्याकडे ठेवून आले होते. आरोग्य कक्षात त्यांची लशीच्या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका उघडून तारीख पाहिली गेली आणि शिक्का तपासून परत दिली गेली. बुटांबद्दल त्यांना कोणी काही विचारले नाही.